कळफलक जिवंतच होता

रविवार, रात्री उशिरा

आज दुपारी दोन तास ज्या कळफलकावर मी संशय घेतला, तो पूर्णपणे निर्दोष निघाला. लिनक्सवर चालणारा माझा संगणक सुरू केल्यावर लॉगिनचा पडदा नेहमीसारखा आला, पासवर्डच्या चौकटीत कर्सर लुकलुकत होता, कोपऱ्यातले घड्याळही पुढे सरकत होते; पण माउस हलेना आणि काही केल्या एक अक्षर उमटेना. मी केबल दुसऱ्या पोर्टमध्ये घातली, मग कळफलकच बदलून पाहिला. वास्तविक संगणक सुरू होताना आधी येणाऱ्या ग्रबच्या यादीत त्याच कळफलकाच्या बाणांनी मी नुकताच कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, निवडला होता, पण ते कोणाला आठवते!

कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबूनही मजकुराचे टर्मिनल (आज्ञा टाइप करण्याचा पडदा) उघडले नाही, तेव्हा तर कळफलक गेलाच अशी माझी खात्री पटली. हा निष्कर्ष चुकीचा होता. एक्स सर्व्हर, म्हणजे पडद्यावर खिडक्या दाखवणारा आणि कळफलक-माउस हाताळणारा प्रोग्रॅम, चालू असताना कर्नलच्या मजकुरी कन्सोलने कळांचा अर्थ लावणे बंद असते आणि टर्मिनल बदलण्याची ही जोडणीही एक्सच ओळखतो. त्यामुळे खुद्द एक्सलाच कळा ऐकू येत नसतील, तर ती दाबून काहीच साधत नाही. कर्नल थेट ऐकतो ती सिस-आरक्यूची कळ, जी बहुधा प्रिंट स्क्रीनच्याच कळीवर असते. ऑल्ट आणि ती कळ धरून मी आर दाबले, कळफलक एक्सच्या तावडीतून सुटला आणि त्यानंतर एफ३ने निमूटपणे टर्मिनल दिले. लिनक्सच्या काही वितरणांत (तयार आवृत्त्यांत) ही सोय अंशतः बंद ठेवलेली असते. तिथे दुसऱ्या संगणकावरून एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून, आत शिरावे लागते.

कर्नलपर्यंत पोहोचणाऱ्या कळा दाखवणारे इव्हटेस्ट हे साधन चालवून पाहिले, तर प्रत्येक कळ दाबताच १ आणि सोडताच ० अशी नोंद पडद्यावर उमटत होती. म्हणजे कर्नलपर्यंत सारे ठीक होते. एक्सच्या लॉगमध्ये (नोंदींच्या फाइलमध्ये) मात्र कळफलक आणि माउस या दोघांच्याही नावाखाली, इनपुट ड्रायव्हर नमूद नसल्यामुळे उपकरण वगळत आहे, अशा अर्थाची ओळ होती, आणि तीही चूक म्हणून नव्हे, तर साधी माहिती म्हणून नोंदलेली. म्हणूनच केवळ चुका शोधताना ती माझ्या नजरेतून निसटली होती.

पॅकेजांची, म्हणजे बसवलेल्या-काढलेल्या सॉफ्टवेअरची, नोंद उघडल्यावर उलगडा झाला. काल रात्री अनावश्यक पॅकेजे काढताना समोर आलेली यादी न वाचताच मी होकार दिला होता आणि त्यातच एक्सला कळफलक-माउसशी जोडणारा लिबइनपुट ड्रायव्हर गेला होता. एक्सऐवजी वापरल्या जाणाऱ्या वेलँडमध्ये कंपोझिटर (खिडक्या पडद्यावर मांडणारा प्रोग्रॅम) लिबइनपुट स्वतःच वापरतो, त्यामुळे तिथे या ड्रायव्हरवाचून काही अडले नसते. पॅकेज पुन्हा बसवून डिस्प्ले मॅनेजर (लॉगिनचा पडदा दाखवणारा प्रोग्रॅम) नव्याने सुरू केला आणि माउसचा बाण हलला.

त्या यादीत आणखी दहा नावे आहेत. ती उद्या एकेक करून पाहायची आहेत.