ओझोनला भोक, पण खान्देशावर नाही

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या वर गेला की कुणीतरी हे बोलतंच, "वझोन फाटी गया ना भो, म्हनीसन ऊन वाढनं." परवा केळीच्या बागेत मामा पण तेच म्हणाले. गरम वाऱ्याने पानांच्या चिंध्या झालेल्या, कडा करपलेल्या, ड्रिप चालू तरी झाडं मलूल, अशा वेळी कुणावर तरी खापर फोडावंसं वाटणारच. पण मामा, ओझोन म्हणजे खूप उंचावर सूर्याचे अल्ट्राव्हायोलेट किरण अडवणारा वायू, त्याचं ते भोक पडतं अंटार्क्टिकावर, आणि ते पण आपल्याकडे पोळ्याची गडबड असते तेव्हा उघडायला लागतं, नवरात्राच्या आसपास सगळ्यात मोठं होतं आणि डिसेंबरपर्यंत बुजतं. मे मध्ये ते नसतंच!

आता हे कळतं कसं, तर सॅटेलाइट काही भोकाचा फोटो काढत नाही. सूर्याचे अल्ट्राव्हायोलेट किरण हवेतून वर परत फिरतात ते तो मोजतो, एक तरंगलांबी अशी की जी ओझोन भरपूर शोषतो आणि दुसरी अशी की जी फारशी शोषत नाही, दोन्हीतल्या फरकावरून खाली ओझोन किती ते काढतात. आकडा डॉब्सन युनिटमध्ये येतो. डोक्यावरचा सगळा ओझोन जमिनीलगतच्या दाबाला आणि शून्य डिग्रीला आणला तर १०० युनिट म्हणजे १ मिलिमीटरचा थर, बस्स एवढाच. २२० च्या खाली गेलं की भोक म्हणायचं.

मला यातली सगळ्यात भारी गोष्ट १९८५ ची वाटते. नासाचा निंबस-७ हा सॅटेलाइट १९७८ पासून वर फिरत होता, पण १८० युनिटच्या खालचे आकडे आले की सॉफ्टवेअर त्यांच्यावर 'संशयास्पद' असा शिक्का मारायचं, कारण एवढं कमी आधी कुणी बघितलंच नव्हतं. लोक सांगतात की नासाने डेटा फेकून दिला, तसं नाहीये, डेटा जपलेला होता आणि पवन भारतिया वगैरे मंडळी तो तपासत पण होती. तेवढ्यात फारमन, गार्डिनर आणि शँकलिन या तिघा ब्रिटिशांनी अंटार्क्टिकातल्या हॅली बे या तळावरच्या, जमिनीवरल्या जुन्या पद्धतीच्या यंत्राचे आकडे मे १९८५ मध्ये छापले पण. मग सॅटेलाइटच्या डेटाने दाखवलं की हे एका ठिकाणचं नाही, अख्ख्या खंडावर पसरलंय. एकट्या यंत्रावर विश्वास ठेवू नये आणि एकट्या माणसावर पण नाही, असं माझं मत.

आणि एक भानगड म्हणजे अंधार. दक्षिण ध्रुवावर हिवाळ्यात (तिकडे तो जून ते ऑगस्ट) सूर्यच नाही, मग परत फिरणारे किरण कुठून येणार, त्यामुळे अशा सॅटेलाइटच्या मूळ नकाशात ऑगस्टमध्ये मधोमध गोल जागा रिकामीच दिसते. खरी तयारी मात्र तेव्हाच चालू असते, उणे ७८ डिग्रीच्या खाली तिथे बर्फाळ ढग बनतात, त्यांच्यावर फ्रीज-स्प्रेमधल्या जुन्या वायूंतून वर गेलेलं क्लोरीन मोकळं व्हायला तयार होतं, आणि सूर्य उगवला की ओझोन खायला लागतं. म्हणून २००४ च्या ऑरा सॅटेलाइटवर एमएलएस नावाचं यंत्र बसवलं, ते हवेतूनच निघणाऱ्या मायक्रोवेव्ह लहरी पकडतं, त्याला सूर्य लागत नाही, रात्रीचं पण चालतं. ऑरा ठरलेल्या आयुष्याच्या कितीतरी पुढे चाललाय. त्या जागी तसंच नवीन यंत्र वेळेत का पाठवत नाहीत हे मला तरी समजत नाही.