शिंप्याच्या घरातल्या दोन बायका

या वर्षी बारा मराठी कादंबऱ्या वाचण्याचा संकल्प मी जानेवारीत केला होता. त्यांतली नववी, उद्धव शेळके यांची 'धग', आज दुपारी वाचून संपली आणि पुस्तक मिटल्यावर बराच वेळ मी जागेवरून उठलेच नाही.

मागच्याच महिन्यात रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा' वाचली होती. 'धग' १९६० सालची, 'पाचोळा' १९७१ सालची; पहिली विदर्भातली, दुसरी मराठवाड्यातली; आणि दोन्हींच्या केंद्रस्थानी शिंप्याचे घर व ते सावरू पाहणारी बाई आहे. 'पाचोळा'त पारबती स्वतःच आपल्या बोलीत सगळे सांगते, त्यामुळे ती शेजारी बसून बोलते आहे असे वाटत राहते. 'धग'मध्ये निवेदन प्रमाण मराठीत आहे, पण तिची नायिका कौतिक तोंड उघडते तेव्हा वऱ्हाडीचा सगळा ताप शब्दांत उतरतो. सुरुवातीची काही पाने मला ती बोली मोठ्याने वाचावी लागली आणि कानांवर पडल्यावरच ती खरी उमगली.

विश्राम बेडेकरांचे 'रणांगण' एप्रिलमध्ये एका बैठकीत वाचले, तेही फार आवडले. मन मात्र कौतिकपाशीच घुटमळते आहे. माझी आजी रात्री कंदील जवळ ओढून गोधडीला टाके घालत असे आणि हिशेब मनातल्या मनात करताना तिचे ओठ हलत. कौतिकच्या संसाराची ओढाताण वाचताना मला तेच ओठ पुन्हा पुन्हा दिसत होते.