तुम्ही विचारलंत म्हणून: काळा दगड आपलाही, मग समुद्राचा कुठला?

"सर, लडाखच्या डोंगरात समुद्राचा तळ सापडतो म्हणता. काळा दगड तर आपल्या पन्हाळ्यालाही आहे. मग तो समुद्राचा आणि हा नाही, हे ठरवलं कुणी?" भूशास्त्र शिकवतो म्हटल्यावर कोल्हापुरात हा प्रश्न ठरलेला. कधी वर्गात, कधी लग्नाच्या पंगतीत. आणि प्रश्न रास्त आहे, कारण दोन्हीकडचा दगड बेसॉल्टच.

नुसता दगड हातात घेऊन हे चटकन ठरत नाही. तो थिजला कसा आणि त्याच्या खाली-वर काय आहे, ते बघावं लागतं. पन्हाळ्याच्या वाटेवर रस्त्यासाठी डोंगर कापलाय तिथं जरा थांबा. लाव्ह्याचे आडवे थर एकावर एक, आणि मध्येच कुठेतरी तांबडी पट्टी. म्हणजे एक लाव्हा आला, निवला, ऊन-पावसात त्याची माती होऊ लागली, मग त्यावर पुढचा आला. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचं हे काम, उघड्या जमिनीवरचं.

पाण्याखाली लाव्हा असा पसरत नाही. बाहेर येतो तोच त्याची साल गोठते. आतला लाव्हा ती फोडून पुढे येतो, तोही गोठतो, आणि गोल उशांचा ढीग रचला जातो. पूर्व लडाखात निडरच्या बाजूला अशा उशा आहेत. आडवी कापली गेलेली उशी मिळाली तर नाक लावून बघावी. कडेला एके काळच्या काचेची बारीक साल, आत मध्यापासून कडेकडे गेलेल्या भेगा. वरची बाजू फुगीर, आणि बूड खालच्या दोन उशांच्या खाचेत टोक काढून उतरलेलं. डोंगर घडताना थर उलटे झाले असतील तर हे टोक आभाळाकडे बघतं. मला अख्ख्या विषयात याच्याइतकी सरळ खूण दुसरी माहीत नाही.

अर्थात उशा दिसल्या की महासागर, अशी घाई करू नये. तळ्यात लाव्हा उतरला तरी उशा होतात. म्हणून अख्खी उतरंड जुळवायची. तळाला प्रावरणाचा, म्हणजे कवचाखालच्या थराचा पेरिडोटाइट दगड, बराचसा पाणी मुरून हिरवट, बुळबुळीत सर्पेंटिनाइट झालेला. वर गॅब्रो, म्हणजे खोलवर सावकाश थिजलेला जाड कणांचा दगड, त्यावर लाव्ह्याच्या उभ्या भिंती, मग उशा, आणि सर्वांत वर खोल समुद्रातला चर्ट, गारगोटीसारखा कठीण दगड. या रचनेला ऑफिओलाइट म्हणतात, आणि 1972 च्या भूशास्त्रज्ञांच्या पेनरोज परिषदेत तिची व्याख्या पक्की झाली. चर्ट सौम्य हायड्रोफ्लोरिक आम्लात ठेवला की रेडिओलारिया या सूक्ष्म जीवांची कवचं सुटतात आणि त्यांवरून वय कळतं. निडरचा चर्ट असाच क्रिटेशस, म्हणजे डायनोसॉरांच्या शेवटच्या काळातला ठरला.

उभ्या भिंती बघायच्या तर ओमान किंवा सायप्रसचा ट्रूडोस डोंगर गाठावा. तिथं प्रत्येक नवी भिंत आधीच्या भिंतीला मधोमध चिरून घुसलेली असते. त्यामुळे अनेक भिंतींची झटकन निवलेली, बारीक कणांची कड एकाच बाजूला उरते. दुसरी कड पार पलीकडे सरकलेली. तळ फाकत होता याचा हा दगडी पुरावा. बोटीवरून भोक पाडून हे सगळं का बघत नाही, असंही विचारतात. नेहमीचं समुद्री कवच सहा-सात किलोमीटर जाड, आणि अखंड कवचाच्या आरपार अजून एकही भोक गेलेलं नाही. शिवाय आजच्या समुद्रांचा तळ बहुतेक सगळा 20 कोटी वर्षांच्या आतला. त्याआधीचा जवळजवळ सगळा पृथ्वीच्या पोटात गेला.

मग एवढा जड तळ डोंगरावर चढला कसा? बऱ्याच ठिकाणी तो चढला असं म्हणण्यापेक्षा खंडाची कड त्याच्या खाली शिरली. खंड हलका, फार खोल जाईना; पुन्हा वर येताना डोक्यावरचा तुकडा घेऊन आला.

आता गोम इथंच आहे. 1973 मध्ये जपानी भूशास्त्रज्ञ अकिहो मियाशिरो यांनी दाखवून दिलं की ट्रूडोसच्या दगडांचं रसायन समुद्राच्या मध्यातल्या कण्याशी, म्हणजे तळ फाकून नवा तळ होतो त्या रांगेशी, जुळत नाही, बेटांच्या कमानीतल्या ज्वालामुखींशी जुळतं. तेव्हा बरीच वादावादी झाली. आज बहुतेक ऑफिओलाइट एक कवच दुसऱ्याखाली जात असतानाच वरच्या बाजूला तयार झाले असं मानतात. म्हणजे डोंगरात उरतो तो समुद्राच्या काठाजवळचा तळ. मधला विस्तार बहुतेक सगळा गेला. लडाखच्या तुकड्यांवरून भारत आणि आशियाच्या मधल्या, आता नाहीशा झालेल्या टेथिस समुद्राचा जन्म, वय, शेवट यांवर बोलता येतं. तो किती रुंद होता, यासाठी मात्र दगडातलं जुनं चुंबकत्व मोजून भारत तेव्हा कुठल्या अक्षांशावर होता ते काढावं लागतं.

लडाखची विरळ हवा झेपणार नसेल तर अंदमान आहे. टूरवाले नेतातच. पोर्ट ब्लेअरजवळ (आता श्री विजयपुरम) कॉर्बिन्स कोव्हला बाकीचे पाण्यात उतरले की तुम्ही कडेचे खडक बघा, उशा तिथंही आहेत. फक्त हातोडी घरी ठेवा.