अरबी बोलण्याचा हेल आणि अक्षरांचे वजन

अरबी शिकणारी मराठी माणसे कंठातल्या व्यंजनांवर भरपूर मेहनत घेतात, पण बोलण्याच्या हेलाकडे त्यांचे लक्ष फार उशिरा जाते, याची मला खंत वाटते. कैरोच्या बोलीत वाक्यातल्या जवळजवळ प्रत्येक अर्थवाही शब्दावर सूर एकदा चढतो. तो कोणत्या अक्षरावर चढेल, हे त्या शब्दातली अक्षरे लघु आहेत की गुरू यावर ठरते.

वृत्ते शिकलेल्या मराठी वाचकाला हा हिशेब परका नाही. ऱ्हस्व स्वराने संपणारे अक्षर लघू. दीर्घ स्वराचे किंवा व्यंजनाने बंद झालेले अक्षर गुरू. अरबीत याहूनही जड असा तिसरा प्रकार आहे, म्हणजे दीर्घ स्वर असून वर व्यंजनानेही बंद झालेले अक्षर, आणि शब्दाच्या शेवटी तो आला की आघात, म्हणजे उच्चाराचा जोर, तिथेच पडतो आणि सूरही तिथेच चढतो. म्हणून ‘किताब’ या शब्दात जोर ‘ताब’वर येतो. ‘कातिब’ म्हणजे लेखक. तिथे मात्र तो ‘का’वर येतो, कारण शब्दाच्या अगदी शेवटचे व्यंजन मोजणीत धरले जात नाही आणि ‘तिब’ हलकेच राहते. अर्थात नियम सगळीकडे सारखे नाहीत. ‘मदरसा’ म्हणताना दमास्कसचा माणूस ‘मद्’वर जोर देतो, तर कैरोचा ‘र’वर, आणि तेवढ्यानेच दोघांच्या बोलण्याची चाल वेगळी वाटते.

स्वराची लांबी आणि आघात यांचे नाते कैरोत दुहेरी आहे: दीर्घ स्वर आघात ओढून घेतो, आणि आघात गेला की स्वरही आखडतो. ‘बाब’ म्हणजे दार. दोन दारांना ‘बबेन’ म्हणताना आघात पुढे सरकतो आणि पहिला ‘आ’ आखडून ऱ्हस्व होतो. आपण मराठी बोलताना ‘इ’ आणि ‘ई’ यांतला फरक फारसा पाळत नसल्यामुळे ही लांबी आपल्या कानांना चटकन जाणवत नाही.

प्रश्न विचारताना स्वराच्या या लांबीचे मोल कळते. ‘दी मदरसा?’ म्हणजे ‘ही शाळा आहे का?’ असे विचारताना सूर ‘र’वर खाली राहून शेवटच्या अक्षरावर वर जातो. ‘दा किताब?’ या प्रश्नात पुढे अक्षरच उरत नाही, त्यामुळे खालून वर जाण्याचा सगळा प्रवास ‘ताब’मधल्या दीर्घ स्वरातच उरकावा लागतो. तो स्वर आखूड केला, तर सुराला वर चढायला जागाच राहत नाही.