काथ्या, सुंभ आणि बंगालीतला ‘काता’

काथ्याच्या दोरीला बंगालीत ‘काता’ म्हणतात. शब्द इतका ओळखीचा की मराठी माणसाला अर्थ विचारावा लागत नाही. घोळ होतो तो आसपासच्या शब्दांत. ‘काँथा’ म्हणजे तिकडची गोधडी, आणि पानातला काथ तिथे ‘खयेर’ होतो. ‘खयेर’ ऐकून कॉयर, म्हणजे इंग्रजीतला काथ्या, समजू नका. कॉयर हा शब्द मल्याळममधल्या ‘कयर’वरून, म्हणजे दोरीवरून आला. सोडणाला, म्हणजे नारळाच्या तंतुमय सालीला, बंगालीत ‘छोबडा’. कोलकात्याचं नाव कलिचुन, म्हणजे कळीचा चुना, आणि काता यांच्या धंद्यावरून पडलं, असं एक मत आहे. अभ्यासकांत त्यावर एकमत नाही, पण मला ते फार आवडतं.

त्या शहरात पानाच्या टपरीला काथ्याची दोरी टांगलेली असते. खालचं टोक धुमसत असतं आणि गिऱ्हाईक त्यावर विडी पेटवतं. काथ्यात लिग्निन, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारा घटक, भरपूर असल्याने तो भडकत नाही, सावकाश जळत वर सरकतो. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, ते तिथे डोळ्यांनी दिसतं.

हा पीळ येतो उलटसुलट वळण्यातून. आधी दोन पदर एकाच दिशेने पिळायचे, मग दोन्ही एकत्र उलट दिशेने वळायचे. प्रत्येक पदर उलगडू पाहतो आणि त्याच ओढीने दुसऱ्याला आवळतो. एक पदर ताठ आणि दुसरा सैल राहिला, तर सैल पदर ताठावर नुसता गुंडाळला जातो. मग सगळा भार एकट्या ताठ पदरावर येतो आणि दोरी तिथेच तुटते.

पांढऱ्या काथ्यासाठी हिरवी सोडणं मचूळ पाण्यात 6 ते 10 महिने कुजवतात. तंतूंना धरून ठेवणारं पेक्टिन जिवाणू खातात, मग लाकडी मोगरीने बडवलं की भुसा सुटतो. सोडणं आधीच उन्हात वाळली तर भुसा सुटत नाही. वर तरंगणारी अर्धवट कुजतात, म्हणून ढिगावर वजन ठेवायचं. भरती-ओहोटीने पाणी बदललं नाही तर काथ्या काळपट पडतो. 100 सोडणांतून साधारण 8 ते 10 किलो काथ्या निघतो.

वळताना नव्या तंतूला गाठ मारू नका. तंतू 10 ते 30 सेंटिमीटरच असतात, म्हणून पदर बारीक व्हायच्या आधीच नवे मिसळायचे, आणि दोन्ही पदरांत एकाच जागी कधीच नाही.