सोळा क्लोज-अप

माझ्या पहिल्या लघुपटात ९ मिनिटांत १६ क्लोज-अप होते. वडील गेल्यानंतर त्यांची खोली आवरायला आलेले भाऊ-बहीण, एवढीच गोष्ट. दुःखाचा विषय आहे, तेव्हा चेहरे जवळूनच दाखवायचे, हे मी शूटिंगच्या आधीच ठरवून टाकलं होतं. रफ कट, म्हणजे शॉट जोडून केलेला पहिला कच्चा आराखडा, मित्रमंडळींना दाखवला, तर कुणाचेच डोळे पाणावले नाहीत. उलट एका मैत्रिणीने विचारलं, "ही दोघं एकाच खोलीत आहेत ना?"

रात्री एडिटिंगची टाइमलाइन, म्हणजे ओळीने लावलेले शॉट, उघडून बसलो, तेव्हा तिचा प्रश्न किती नेमका होता ते कळलं. चेहऱ्यामागून चेहरे येत होते आणि खोली कुठेच नव्हती. शिवाय दुसऱ्या दिवशीच्या शूटिंगमध्ये मी रेषा ओलांडली होती. दोन पात्रांना जोडणारी एक काल्पनिक रेषा धरायची आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला, १८० अंशांच्या आत ठेवायचा, हा साधा नियम. तो मोडल्यामुळे दोघंही पडद्यावर उजवीकडेच बघत होते. एकमेकांशी नव्हे, कुणा तिसऱ्याशीच बोलताहेत असं वाटत होतं.

शॉटचे प्रकार मला पाठ होते. लो अँगलने, म्हणजे खालून बघितलं की माणूस भारदस्त दिसतो, हाय अँगलने, म्हणजे वरून, दुबळा, आणि सगळी जागा दाखवणाऱ्या वाइडने एकटा. यात खोटं काही नाही, पण शॉटला अर्थ येतो तो आजूबाजूच्या शॉटमुळे. रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह यांचा १०० वर्षांपूर्वीचा प्रयोग प्रसिद्धच आहे: एकच निर्विकार चेहरा वेगवेगळ्या दृश्यांना जोडला की बघणाऱ्याला त्यावर वेगवेगळ्या भावना दिसतात. हे मी वाचलं होतं, पण मला ते पटलं स्वतःचा कट बघताना. सोळाही चेहऱ्यांच्या आधी चेहराच होता. बघणाऱ्याने त्यात भरायचं काय?

एक दिवस मिळाला, पुन्हा शूटिंग केलं. पहिला शॉट दारातून, ४० सेकंदांचा वाइड. खाटेच्या कडेला बहीण, खिडकीशी भाऊ आणि मधे वडिलांची रिकामी खुर्ची. ती खुर्ची आधीपासून तिथेच होती, मीच ती फ्रेमबाहेर ठेवली होती.

संवाद ओव्हर द शोल्डर घेतले, म्हणजे एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याचा चेहरा. भावाच्या फ्रेमच्या कोपऱ्यात बहिणीचा खांदा दिसतो तोवर दोघं एकत्र वाटतात. वाद चढतो त्या वाक्याला मी तो खांदा काढला आणि त्याला एकट्याला फ्रेममध्ये ठेवलं. आवाज कुणाचाच वाढलेला नाही, तरी काहीतरी तुटल्यासारखं वाटतं. सगळ्या शूटिंगमधली माझी सर्वांत आवडती जागा ही.

आता क्लोज-अप एकच आहे. त्याआधी इन्सर्ट, म्हणजे एखाद्या वस्तूचा जवळून घेतलेला शॉट: बहिणीच्या हातात चष्म्याचं घर, ते उघडतं, आत चष्मा नाही, काच पुसायचं फडकं तेवढं, चार घड्या घातलेलं. मग तिचा चेहरा. अभिनेत्रीला सांगितलं होतं, काहीही करू नका, फक्त फडक्याकडे बघा. आधी हाच चेहरा मी २४ मिमीच्या, रुंद दृश्य टिपणाऱ्या लेन्सने, हातभर अंतरावरून घेतला होता. इतक्या जवळून नाक पुढे आल्यासारखं दिसतं. या वेळी लांबचं जवळ आणणारी ८५ मिमी लेन्स लावून कॅमेरा खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेला. चेहरा फ्रेमभर तेवढाच, पण शांत.

भावाचाही एक क्लोज-अप होता, अभिनेत्याने फार जीव ओतून दिलेला. तो काढताना हात अडखळला. त्याच्या जागी आता पुन्हा दारातला वाइड आहे. भाऊ खिडकीशी पाठमोरा उभा आहे, बहीण खुर्चीला वळसा घालून चष्म्याचं घर त्याच्याकडे नेते, आणि कॅमेरा दारातून हलत नाही.