चीन वर, बोट खाली

दहा ऑक्टोबर म्हणजे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांची जयंती. सोलापूरच्या शाळेत या दिवशी ठरलेलं असतं: फोटोला हार, दोन पाठ केलेली भाषणं, मागच्या बाकांवर कुजबुज. यंदा मी भाषणांना फाटा दिला आणि आठवीच्या वर्गात जगाचा नकाशा टांगला. खालची पट्टी निघालेली, आफ्रिकेवर शाईचा डाग. आशिया तेवढा शाबूत.

वर्गातली बरीच पोरं पूर्व भागातली, यंत्रमागवाल्यांच्या घरची. एकीला लाल सूत आणायला सांगितलं होतं, तिनं अख्खी कांडीच आणली. मुंबईला एक टाचणी, चीनमधल्या यानआनला दुसरी. फळ्याजवळच्या पोरानं सूत सरळ हिमालयावरून ताणलं. मी म्हटलं, तसे नाही गेले. सप्टेंबर १९३८ मध्ये जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला कोटणीसांसह पाच डॉक्टर मुंबईहून बोटीनं निघाले. सूत श्रीलंकेला वळसा घालून मलाक्काच्या सामुद्रधुनीतून हाँगकाँगला, तिथून ग्वांगझूला आलं.

"ओ सर, चीन वर हाय की! मग डॉक्टर खाली कशाला गेले?"

हा प्रश्न मला इतक्या वर्षांत सुचला नव्हता. हिमालय हे अर्धं उत्तर. उरलेलं अर्धं चीनच्या किनाऱ्यावर होतं. शांघाय आणि नानजिंग जपाननं १९३७ मध्येच घेतलं होतं, म्हणून दक्षिणेकडून शिरायचं. डॉक्टर वुहानकडे सरकले आणि ऑक्टोबरमध्ये ग्वांगझू पडलं, मागोमाग वुहानही. पोरांनी दोन्ही गावांवर खडूनं फुल्या मारल्या. मग चोंगछिंग, शीआन आणि १९३९ च्या सुरुवातीला यानआन. शेवटची टाचणी हबेई प्रांतात. तिथं ९ डिसेंबर १९४२ ला कोटणीस वारले, वय ३२. सूत तिथंच गुंडाळून ठेवलं.

आता वाटेतली इंग्रजांची ठिकाणं रंगवा म्हटलं. मुंबई, कोलंबो, सिंगापूर, हाँगकाँग, सगळी एका रंगाची झाली. कांडी आणणारी म्हणाली, "आमच्या ताताचे, म्हणजे आजोबांचे, वडील तेव्हाच करीमनगरहून इकडं आले. ते पण इंग्रजांतनंच आले का?"

नाही, म्हटलं, ते निजामाच्या राज्यातून आले. सोलापूर इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात. पलीकडे निजामाचा हाली शिक्का, म्हणजे नाणं, त्याचीच टपालाची तिकिटं, आणि माल न्यायचा तर करोडगिरी, म्हणजे जकात. निजामावरही वरचष्मा इंग्रजांचाच होता हे मी सांगत होतो, पण तोवर कोण ऐकतंय!

"हद्द कुठं होती सर?"

"तुळजापूर निजामाकडं होतं."

वर्ग एकदम गप्प. कोजागिरी होऊन चारच दिवस झालेले. निम्मा वर्ग रात्रभर चालत तुळजापूरला जाऊन आलेला. एकानं चप्पल काढून टाचेचा फोड दाखवला. "म्हणजे मी निजामात जाऊन आलो?" हशा पिकला. हे सगळं १९४८ पर्यंतच, हे माझं वाक्य त्या हशात बुडालं.

मग तोच पोरगा तुळजापूरला टाचणी लावायला उठला. नकाशात तुळजापूरच काय, सोलापूरही छापलेलं नव्हतं. अंदाजानं त्यानं सोलापूरला टाचणी टोचली, जरा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "सर, दुसरी बसंना. एकाच टाचणीखाली दोन्ही गावं आलीत की."

तेवढ्यात घंटा झाली.